केसशीटमध्ये नसलेला हात

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. भाजीवाल्याने हसून "घ्या मॅडम, ताजी हाय" म्हटलं की मी जुडी उलटी करून बघते. नवरा न सांगता चहा करून आणतो तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग कपाकडे. माहेरी, राजेश्वर गावी, आई म्हणायची, ही पोलीसखात्यात जायची ती चुकून दवाखान्यात गेली. तिला वाटायचं ही थट्टा आहे. मला ती बरेच दिवस शाबासकी वाटायची.

दवाखान्यात म्हणजे मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकवते. लकवा मारलेला, हाड मोडलेला, मेंदूला मार लागलेला माणूस घरी गेल्यावर त्याला स्वतःचं बटण लावता यावं, घास तोंडापर्यंत नेता यावा, बाईला पुन्हा आपल्या चुलीपुढे बसता यावं, एवढंच आमचं काम. वीस वर्षांत हे नातेवाइकांना काही मला नीट समजावता आलेलं नाही. अजून लग्नाच्या पंगतीत कुणीतरी गुडघा पुढे करून विचारतं, "ह्याला कोणतं तेल लावावं?"

पूर्वी आमची मुलं दुसऱ्याच वर्षी थेट वॉर्डात जायची आणि खऱ्या माणसांवर चुका करायची. मग सिम्युलेशन आलं. एका मोठ्या हॉलमध्ये खोटं घर उभं केलं: एक पलंग, एक ओटा, एक न्हाणी, कोपऱ्यात कॅमेरा, आणि एका भिंतीत अशी काच की आम्हाला आतलं दिसावं पण आतल्याला आम्ही दिसू नये. पेशंट म्हणजे कुणीतरी धडधाकट माणूस. त्याला आजार शिकवायचा, आणि त्याने तो दहा मिनिटं करून दाखवायचा. मुलांच्या हातात केसशीट, म्हणजे त्या पेशंटचा कागद. मुलांनी तपासायचं, काम करून घ्यायचं, नोंद लिहायची.

मी मीटिंगमध्ये उठून विरोध केला होता. पेशंट खोटा, आजार खोटा, गॅसला सिलिंडर नाही, चहाच्या डब्यात चहा नाही. एवढ्या खोट्यातून मुलं खरं काय शिकणार? प्राचार्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्या हॉलचा चार्ज मलाच दिला. ज्याला पटत नाही त्याच्याच गळ्यात घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

पण वर्षभरात मला तो हॉल आवडायला लागला. कारण फारसं चांगलं नाही: तिथे कॅमेरा होता. त्याआधीच्या वर्षी मी मुलांना बारा पेशंटांच्या घरी पाठवलं होतं आणि बाराही वह्यांत एकच घर निघालं होतं. तीन पायऱ्या, न्हाणी बाहेर, सून मदत करते. एका पेशंटला मूलबाळच नव्हतं, तरी त्याची सून मदत करत होती. तेव्हापासून मुलांनी काहीही लिहिलं की माझ्या मनात पाल चुकचुकायची. काचेमागे बसलं की ती जरा गप्प बसायची.

आमच्या खोट्या पेशंटांमध्ये सगळ्यात तयारीच्या होत्या मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या अक्का. मूळच्या निर्णा गावच्या, पन्नाशीच्या, दिवसाला दीडदोनशे भाकऱ्या थापणाऱ्या. वॉर्डनबाई चष्मा पुसत कशा रागावतात हे त्यांनी एकदा मुलींना करून दाखवलं, ते मी दारातून पाहिलं आणि त्यांना तिथेच धरलं. लकव्याचा हात कसा लोंबतो, बोटं कशी मिटून राहतात, हे त्या एका दुपारी शिकल्या. फक्त एक अट घातली.

"डावा म्हणलात तर डावा," त्या म्हणाल्या. "उजव्याचं सोंग मी घेणार न्हाई मॅडम. जेवायचा हात हाय त्यो."

"अक्का, खोटं खोटं करायचंय."

"खोटं करता करता लागतंय की. सासूबाई तर डाव्याला बी नको म्हणायल्यात. आजाराची नक्कल करायलीस, आजार घर बघून जाईल, म्हणायल्यात."

मला हसू आलं आणि संशयही आला. वाटलं, बाईला मेहनत कमी करायची आहे. उजव्या बाजूच्या लकव्यात बोलणंही अडखळतं ठेवावं लागतं, ते टाळायलीय. पण माणूस चांगला होता, म्हणून मी केस बदलली. आदल्या वर्षी उजव्या बाजूची होती, ती मी डावीकडची करून लिहिली. आमच्याकडे लहानपणी मीही कुणाचं लंगडणं करून दाखवलं की आई पाठीत धपाटा घालायची. तरीही त्या दिवशी अक्कांची अट मी चहा पिता पिता सहकाऱ्यांना विनोद म्हणून सांगितली.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल. ती संतपूरच्या बाजूची, घरी सोयाबीन आणि तूर. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. इंग्रजीला अडखळायची, लेखी परीक्षेत काठावर पास व्हायची, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. पहिल्या वर्षी फॉर्म भरताना तिने मला सांगितलं होतं, की मॅडम, एक जरी वर्ष वाया गेलं तर वडील शिक्षण बंद करणार. तसं ठरवूनच पाठवलंय. मी म्हटलं होतं, मग अभ्यास कर.

सिम्युलेशनची अंतर्गत परीक्षा झाली. त्यात नापास झालेल्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. अक्का ओट्यापाशी खुर्चीवर, डावा हात मांडीवर मेल्यासारखा टाकून. मुलांनी डावा हात तपासायचा, एका हाताने चहा कसा करायचा आणि ब्लाउजचे हूक कसे लावायचे ते शिकवायचं. सगळ्यांनी तेच केलं. त्या दिवशी दोन ठिकाणी परीक्षा चालू होती म्हणून मी काचेमागे नव्हते. संध्याकाळी नोंदी वाचायला बसले आणि या मुलीच्या नोंदीवर थांबले.

डाव्या हाताबद्दल चार बऱ्या ओळी होत्या. खाली लिहिलं होतं: उजव्या हाताची पकडसुद्धा कमी आहे. अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसतो. अंगठा आणि बोट जुळवून हूक धरता येत नाही.

उजवा हात! माझ्या केसमध्ये उजवा हात ठणठणीत होता. उजवा हात अधू होता तो आदल्या वर्षीच्या केसमध्ये. आणि या मुलीच्या हॉस्टेलच्या खोलीत तिच्या एक वर्ष पुढची मुलगी राहत होती. मी दोन मिनिटांत सगळं जुळवलं. जुनी वही मिळाली, त्यातलं उतरवलं, बाजू बदलायचं भान राहिलं नाही. अंगठ्याखालच्या भागाचं जुन्या केसमध्ये काही नव्हतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं. म्हटलं, तिखटमीठ लावलंय.

दुसऱ्या दिवशी मी तिला खोलीत बोलावलं. "हे कुठून आणलंस?"

"मी पाहिलं ते लिहिलं मॅडम."

"पेशंटचा उजवा हात चांगला आहे. केसशीट वाचलीस का?"

"वाचली मॅडम. पण अक्काचा हात मी हातात घेतला व्हता. उजवा बी."

"कामून?" रागावले की माझ्याही तोंडात गाव येतं. "उजवा कामून घेतलास?"

"पातेलं धरताना त्यो घसरला म्हणून."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण रडणाऱ्या मुली मला लवकर खऱ्या वाटतात. ती नुसती जमिनीकडे बघत तेच तेच सांगत राहिली, आणि तेच तेच सांगणारा माणूस पाठ करून आलेला असतो असं माझं पक्कं मत होतं. मी तिच्या कपाटातून वही मागवली. पुढच्या वर्षातल्या मुलीची वही तिथे निघालीच. अशी वही निम्म्या हॉस्टेलच्या कपाटात निघाली असती, पण मी बाकीची कपाटं उघडायला लावली नाहीत.

मग मी कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. आवाज नीट नव्हता. माइक पलंगाजवळ आणि या दोघी ओट्यापाशी, त्यामुळे भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकू येत होता. चित्र मात्र स्वच्छ. मुलगी अक्कांचा उजवा हात हातात घेते. तळवा वर करते. वाकून बघते. काहीतरी बोलते. अक्का एकदम हात ओढून घेतात आणि पदराखाली नेतात, आणि दाराकडे बघतात.

मी ते सहा वेळा पाहिलं. आणि मला त्यात काय दिसलं? मला चिठ्ठी दिसली. मुलीने अक्कांच्या तळव्यातून काहीतरी घेतलं किंवा तळव्यात काहीतरी ठेवलं, अक्कांनी ते पदराखाली लपवलं. हात दिसत होता, हाताचा तळवा अख्खा पडद्यावर होता, आणि वीस वर्षं हातच शिकवणारी मी त्यात कागदाचा कपटा शोधत होते.

अक्कांना बोलावलं. त्या पदर सावरत उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"त्या मुलीने तुमच्या हातात काय दिलं?"

"काई न्हाई मॅडम."

"मग उजवा हात धरून काय करत होती?"

"काई न्हाई. हात बरा हाय माजा."

"तुम्ही कोणता हात अधू दाखवला होता?"

"डावा. तुमी सांगितला त्योच."

हात बरा आहे का, असं मी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं की मी एरवी कान टवकारते. भाजीवाल्याचं पकडते, नवऱ्याचं पकडते. त्या दिवशी माझं लक्ष फक्त माझ्या पुराव्यावर होतं. डावा म्हणाल्या, झालं.

मी अहवाल लिहिला. त्या पेपरात शून्य, आणि त्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेला बंदी. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, सर, माझ्याकडे चित्रण आहे.

तिचे वडील आले. उंच, वाळलेला माणूस, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. मला वाटलं भांडणार, आणि मी त्याच्यासाठी सगळे कागद टेबलावर मांडून तयार होते. ते भांडले नाहीत. त्यांनी एकही कागद बघितला नाही. हात जोडून म्हणाले, "चुकली पोरगी. मॅडम, तुमी मोठी माणसं, तुमी उगं कशाला म्हणताल. माफ करा." आणि मग तिच्याकडे न बघता, "चल."

ती तेव्हा वडिलांकडे बघत होती. माझ्याशी बोलताना सबंध वेळ जमिनीकडे बघणारी ती मुलगी आता त्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्यांनी एकदा तरी विचारावं म्हणून. त्यांनी विचारलं नाही. मास्तरीण म्हणते म्हणजे खरंच असणार, असा त्यांचा विश्वास. मी पुढच्या वर्गाला गेले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे मी लपवणार नाही. मला वाटलं, सुटलो, एक कॉपी कमी झाली.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी पुढच्या बॅचसाठी सराव होता. अक्का खुर्चीवर, मी समोर, मुलं अजून यायची होती. मी म्हटलं, एकदा चहाचं करून बघू. त्यांनी डावा हात मांडीवर टाकला आणि उजव्याने पातेलं उचललं. पातेलं सुटलं. पाण्यासकट खाली.

"अक्का," मी जराशी चिडूनच म्हटलं, "हात चुकला तुमचा. डाव्याचं सोंग घ्यायचंय, उजव्याचं नाही."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "हे सोंग न्हाई मॅडम."

"म्हणजे?"

"ह्यो खराच गेलाय."

मी त्यांचा उजवा हात ओढला. त्या दिवशी पहिल्यांदा, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, मी अक्कांचा उजवा हात हातात घेतला. तळवा वर केला. अंगठ्याखालची जी उशी असते, जी प्रत्येकाला असते, ती बसली होती. हाड हाताला लागत होतं. अंगठा करंगळीकडे न्या म्हटलं तर अर्ध्यात थांबत होता. मनगटातली नस दबली की असं होतं. पीठ मळणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायांमध्ये मी हे कितीदा शिकवलं आहे.

"कधीपासून?"

"सहा महिने झाले असतील. झोपेत मुंग्या यायच्या. मग हात झाडायचा, बरं वाटायचं. आता भाकर थापताच येईना. मेसात संगट असलेली बाई थापायलीय माझ्या वाट्याच्या, मी नुसत्या भाजायलेय."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? सासूबाई म्हणल्या तसंच झालं की. आजाराचं नाटक केलं, त्यो खरा आला. डाव्याचं केलं तर उजव्याला आला, घर चुकला म्हणायचं." त्या हसायला गेल्या आणि रडायला लागल्या. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी हसला असताव. आदी बी हसलाव व्हताव."

मी हसले होते. ते खरंच होतं.

"आणि ती मुलगी?"

"त्या लेकरानं त्या दिशी हात बगितला की लगीच वळखलं. म्हणलं, अक्का, ह्ये कधीपास्नं हाय? मी भेले. कॅमेरा हाय म्हणून हात वडून घेतला. मग तिला काडलं म्हणून ऐकलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दोनदा तुमच्या दारापसतोर येऊन गेले मॅडम. पण तुमी त्या दिशी पोलिसावानी इचारलं. आत याचा धीरच झाला न्हाई."

मी त्यांना सांगितलं की नाटकाचा आणि हाताचा काही संबंध नाही, भाकऱ्यांचा आहे. त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही. त्याच दुपारी मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, पुढच्या आठवड्यात मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या. अंगठ्याखालचं मांस पूर्वीसारखं भरून येईल याची खात्री कुणी दिली नाही. दहाबारा दिवस आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, त्याने फार फरक पडला नसता. मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले, असा माझा संशय आहे.

प्राचार्यांकडे जाऊन मी म्हटलं, सर, माझं चुकलं, अहवाल मागे घ्यायचाय. ते म्हणाले, "पण तुमच्याकडे तर चित्रण होतं." मी म्हटलं, आहे अजून. त्यात सगळं दिसतं. मलाच दिसलं नाही. कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र मिळालं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर ते फक्त तिला ऐकू गेलं असतं. मला ते तिच्या वडिलांसमोर म्हणायचं होतं. हुमनाबाद, बीदर, मग संतपूरकडची बस. वाटेत तुरीच्या काढण्या चालल्या होत्या.

तिचं घर विचारत गेले. ती अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. मला बघून उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि पुन्हा जाऊन बसली. वडील बाहेर आले. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. कलबुर्गीची मॅडम एवढ्या लांब कशाला आली असेल? त्यांना वाटलं, अजून काहीतरी निघालं.

मी उभ्यानेच सांगितलं. तुमच्या मुलीने कॉपी केली नव्हती. तिने जे पाहिलं ते खरं होतं, ते मला दिसलं नाही. मी तिच्यावर खोटा आळ घेतला.

"म्हंजे पोरगी खोटं बोलली न्हवती?"

"नाही."

"मग तुमी तवा कागद दावायलात त्ये?"

"ते मी चुकीचं जुळवलं होतं."

त्यांनी पत्र घेतलं, शिक्का बोटाने चाचपला, उजेडात धरून बघितला. मला राग आला नाही; त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मग ते सुपाजवळ जाऊन बसले आणि तिला काहीतरी हळू म्हणाले. मला ऐकू आलं नाही. ती मान खाली घालून खडे निवडत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या हातातले दाणे सुपात पडायचे थांबले आणि तिने डोळ्याला बाही लावली. निघताना मी म्हटलं, सोमवारपासून ये. ती "येते" म्हणाली. आणखी काही म्हणाली नाही आणि मीही अपेक्षा केली नव्हती, असं मी स्वतःला बसमध्ये सांगत राहिले.

ती आली. पहिल्या बाकावर बसायला लागली. वेळेवर वह्या, नीट अक्षर, विचारलं तेवढंच उत्तर. मी वर्गात सगळ्यांसमोर माफी मागितली, तेव्हाही ती वहीत बघत होती. आता सगळं सुरळीत झालं असं प्राचार्यांना वाटलं, आणि मलाही वाटायला लागलं होतं.

महिन्याभराने राहिलेल्यांची आणि तिची सिम्युलेशनची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळचे पेशंट होते एक अप्पा, बसचे निवृत्त कंडक्टर. केस खुब्याच्या ऑपरेशनची: कमरेत वाकायचं नाही, तरी मोजे आपले आपण घालायचे. त्यासाठी दोऱ्या बांधलेली एक प्लास्टिकची पट्टी असते, ती वापरायला मुलांनी शिकवायचं. अप्पा नव्या चपला घालून आले होते आणि त्यांच्या डाव्या टाचेला फोड येऊन फुटला होता. त्यांना साखरेचा आजार आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण आमच्या बिनसाखरेच्या चहाला ते रोज नावं ठेवायचे. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम म्हणजे खेळ नव्हे. मला फोड सकाळीच दिसला, आणि खरं सांगते, मी मुद्दाम बोलले नाही. परीक्षा संपली की ड्रेसिंग करू म्हटलं. मला तिची नोंद वाचायची होती. या वेळी तिने केसशीटच्या बाहेरचं लिहावं आणि मी त्याला पैकीच्या पैकी द्यावेत, अशी माझी फार इच्छा होती.

काचेमागे बसले. तिच्या आधीच्या दोन मुलांना फोड दिसला नाही. ती आली. अप्पांचा पाय हातात घेतला, टाच किंचित वळवली आणि थांबली. मग तिने पट्टी बसवली, मोजा चढवला, दोऱ्या कशा ओढायच्या ते अप्पांना दोनदा करायला लावलं. सगळं बरोबर.

नोंद वाचली. सगळं बरोबर होतं. फोड नव्हता.

मी तिला बोलावलं. "अप्पांच्या टाचेला फोड होता. दिसला नाही?"

"दिसला मॅडम."

"मग लिहिला का नाहीस?"

"केसशीटमध्ये नव्हता."

तिने उर्मटपणे म्हटलं असतं तर मी चिडले असते. तिने अगदी अदबीने म्हटलं, हात मागे बांधून. मी तिला जा म्हटलं आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन घाईघाईने बाहेर गेले. अप्पा बाकावर बसले होते. चपला बाजूला काढलेल्या, डाव्या टाचेवर स्वच्छ पांढरी पट्टी.

"हे कुणी केलं?"

"ती की, संतपूरची लेक. परीक्षा झाली की लगीच मला ओपीडीत घेऊन गेली. धुतलं, पट्टी केली, डॉक्टरला बी दावलं. चपला घालू नका म्हणली." अप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडमला सांगू नका म्हणली व्हती. तुमी बोलू नका तिला."

मी सामान मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. मुलगी चांगली थेरपिस्ट होणार होती. फक्त ती ते माझ्यापासून लपवून होणार होती, आणि हे तिला मीच शिकवलं होतं.